दारूचा उतारा : एका औषधपरंपरेचा मागोवा

मराठीत ‘उतारा’ हा शब्द फार कामाचा आहे. विंचवाच्या विषावर करतात तो उतारा. दृष्ट लागलेल्या मुलावरून ओवाळून तिठ्यावर ठेवतात तो भातही उतारा. आणि शेतकऱ्याला तलाठ्याकडून मिळतो तो सात-बाराचाही उताराच. ह्या रांगेत दारू पिणाऱ्यांनी आपलाही एक अर्थ आणून बसविला आहे. रात्रीच्या पिण्यामुळे सकाळी डोके ठणकू लागले, तोंड कोरडे पडले, हात कापू लागले, म्हणजे ती अवस्था घालविण्यासाठी जे घ्यावयाचे त्यालाही उतारा म्हणतात. घरातली बाई त्या नावाखाली लिंबाचे पाणी, ताक किंवा आंबील पुढे करते. पिणाऱ्याच्या मनात मात्र पुष्कळदा दुसरीच वस्तू असते, ती म्हणजे पुन्हा थोडी दारू. एकाच शब्दाच्या पोटात औषध आणि दुखणे अशी दोन्ही नांदत आहेत.

दुसरा शब्द ‘खुमारी’. फारसीत ‘खुमार’ म्हणजे नशा उतरताना येणारी शिणवट, डोकेदुखी. मराठीत येताना ह्या शब्दाने आपले दुखणे वाटेतच टाकले. आपण गाण्याची खुमारी म्हणतो, गोष्टीची खुमारी म्हणतो आणि त्यात गोडवाच तेवढा उरतो. दारूनंतरच्या सकाळला रोजच्या मराठीत एकही नेमका शब्द उरला नाही. सुशिक्षित माणूस ‘हँगओव्हर’ म्हणतो, इतर लोक ‘डोके जड आहे’ एवढ्यावर भागवितात. ज्या दुखण्याला नाव नाही त्याचे निदानही नीट होत नाही. प्रस्तुत लेखात ह्या उताऱ्यांचा इतिहास पाहावयाचा आहे आणि आजच्या वैद्यकशास्त्राने घेतलेल्या परीक्षेत त्यांतील काय टिकले, हेही तपासावयाचे आहे. यवतमाळ जिल्ह्यात हा केवळ जिज्ञासेचा विषय नाही. येथे ह्या प्रश्नाच्या चुकीच्या उत्तरापायी माणसे दगावली आहेत.

मोहाचे झाड आणि मक्त्याचे दुकान

आजचा यवतमाळ जिल्हा इंग्रजी अमदानीत प्रथम ‘वणी’ जिल्हा म्हणून ओळखला जाई. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांच्या हाती गेला. १८६४ मध्ये वऱ्हाडच्या आग्नेय भागाचा हा जिल्हा निराळा काढण्यात आला आणि १९०५ च्या फेररचनेत पुसद तालुका त्याला जोडला जाऊन त्याचे नाव यवतमाळ झाले. पूर्वेला वर्धा नदी, दक्षिणेला पैनगंगा आणि मध्ये सागाचे, पळसाचे, मोहाचे रान. वणी, मारेगाव, केळापूर, झरी-जामणी, घाटंजी ह्या बाजूला गोंड, कोलाम आणि परधान ह्या समाजांची वस्ती आहे. त्यांपैकी कोलामांची गणना शासनाने आदिम जमातीत केली आहे.

ह्या रानात मोहाचे झाड म्हणजे घरातले वडीलधारे माणूस. फाल्गुन-चैत्रात पहाटेच्या वेळी त्याची रसरशीत फुले जमिनीवर गळतात आणि बाया-मुले टोपल्या घेऊन ती वेचतात. वाळलेल्या फुलांत निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. म्हणून टंचाईच्या दिवसांत ती अन्न म्हणून खाल्ली जात आणि बियांचे तेल दिव्याला व स्वयंपाकाला चाले. तीच फुले पाण्यात काही दिवस भिजत ठेवली की आंबतात आणि भट्टीवर चढवून वाफ धरली की दारू उतरते. जन्म, लग्न, मृत्यू आणि देवकार्य अशा प्रसंगी तिचे थेंब प्रथम जमिनीवर देवाला व पूर्वजांना वाहण्याची रीत आहे. त्या पिण्याला प्रसंगाची आणि पंचांच्या नजरेची मर्यादा होती. ती नेहमीच पाळली गेली असे कोणी म्हणणार नाही. परंतु मर्यादा होती.

इंग्रजी अबकारी व्यवस्थेने ह्या गोष्टीचे स्वरूप बदलले. दारू गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क सरकारने आपल्याकडे घेतला व तो मक्त्याने देण्यास आरंभ केला. घरी गाळणे हा गुन्हा ठरला. वसईकर वाचकांना हे माहीत असेल की, ठाणे व कुलाबा ह्या जिल्ह्यांसाठी १८९२ मध्ये खास कायदा करून मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध घालण्यात आले होते. मक्तेदाराने सरकारला पैसा भरलेला असे आणि तो वसूल व्हावयाचा तर दुकान सणापुरते उघडून चालत नसे. दारूला रोजचे दुकान मिळाले आणि सणाला प्यायची वस्तू रोख पैशाने केव्हाही मिळू लागली.

पुढचा कायद्याचा इतिहासही चढउताराचाच आहे. मध्य प्रांत व वऱ्हाडात १९३८ मध्ये दारूबंदीचा कायदा झाला. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आल्यावर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा १९५९ मध्ये येथेही लागू झाला. १९७३ मध्ये देशी दारूचे नियम होऊन परवान्याची दुकाने आली. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरमध्ये ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी असो वा नसो, पिणाऱ्याची सकाळ मात्र चुकली नाही, आणि त्या सकाळसाठी उतारा शोधण्याची धडपडही थांबली नाही.

चरक आणि सुश्रुत काय सांगतात

ह्या धडपडीचे सर्वांत जुने आणि सर्वांत शिस्तबद्ध लेखन आयुर्वेदात आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसावा अध्याय ‘मदात्ययचिकित्सा’ हा आहे, तर सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात सत्तेचाळिसावा अध्याय ‘पानात्ययप्रतिषेध’ ह्या नावाचा आहे. दोन्ही आचार्यांनी मद्याकडे पाहताना ना तिरस्काराचा आव आणला ना कौतुकाचा. मद्य हे अन्नासारखे आहे. विधीने, मात्रेने, योग्य वेळी, पोटात स्निग्ध अन्न असताना घेतले तर एक परिणाम आणि अविधीने घेतले तर दुसरा, अशी चरकांची मांडणी आहे. मद्याचे दहा गुण हे ओजाच्या दहा गुणांच्या नेमके विरुद्ध आहेत, म्हणून ते प्रथम ओजावर आणि त्याद्वारे मनावर घाला घालते, असे ते सांगतात.

वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दारूनंतरच्या त्रासाला ह्या ग्रंथकारांनी एकच नाव देऊन सोडलेले नाही. सुश्रुतांनी पानात्यय, परमद, पानाजीर्ण आणि पानविभ्रम असे चार प्रकार वेगळे केले. त्यांतील परमदाची लक्षणे पाहिली तर आजच्या कोणाही माणसाला ओळख पटेल: अंग तापणे व जड होणे, तोंडाची चव जाणे, अन्नावर वासना नसणे, तहान, डोकेदुखी आणि सांधे फुटल्यासारखे वाटणे. चरकांनी दोषांप्रमाणे मदात्ययाचे भेद केले आणि शिवाय ध्वंसक व विक्षय ह्या दोन निराळ्या अवस्था सांगितल्या. दारू सोडलेला माणूस एकाएकी पुन्हा अति पिऊ लागला म्हणजे त्या उद्भवतात आणि त्या बऱ्या होण्यास अवघड असतात, असे त्यांचे निरीक्षण आहे. सुटलेल्या व्यसनाकडे परत फिरलेल्या माणसाची अवस्था ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे निरीक्षण किती नेमके आहे ते सांगावयास नको.

औषधांचा विचार केला तर ती आपल्या स्वयंपाकघरातलीच आहेत. खजूर, मनुका, डाळिंब, चिंच, फालसा, आवळा अशी आंबट-गोड फळे पाण्यात कुस्करून, घुसळून केलेला ‘खर्जूरादि मंथ’ शार्ङ्गधरसंहितेत मद्यविकारांवर सांगितला आहे. कफाच्या मदात्ययावर चरक ‘अष्टांगलवण’ देतात. त्यात संचळ, जिरे, आंबट द्रव्ये, दालचिनी, वेलची, मिरी आणि साखर असते. फार क्षीण झालेल्या रोग्याला दूध सांगितले आहे, कारण दुधाचे गुण ओजाच्या गुणांशी जुळतात. वऱ्हाडातल्या घरांत आजही जे केले जाते ते ह्यापासून फार दूर नाही. लिंबू, चिंचेचे पाणी, जिरे-मीठ घातलेले ताक, ज्वारीची आंबील, आवळा: आंबट, पातळ, खारट आणि थंड. ग्रंथ वाचून हे घरात आले की घरातून ग्रंथात गेले, हा वाद विद्वानांनी घालावा. दोन्ही एकाच भूमीतून उगवलेले आहेत, एवढे दिसते.

चरकांचे एक मत मात्र आज सर्वांत अधिक अडचणीचे आहे. अयोग्य रीतीने घेतलेल्या मद्याने झालेला विकार योग्य रीतीने घेतलेल्या मद्यानेच शमतो, असे ते सांगतात. पिणाऱ्यांचा ‘उतारा’ तो हाच. परंतु चरकांचा हा उपाय वैद्याच्या देखरेखीखालचा आहे. त्यात मात्रा ठरलेली, सोबतची द्रव्ये ठरलेली आणि दोष पाहून निवडलेले मद्य ठरलेले. आणि अध्यायाच्या अखेरीस तेच चरक असा निर्वाळा देतात की, जो बुद्धिमान व जितेंद्रिय माणूस सर्व मद्यांपासून निवृत्त झाला त्याला हे शारीरिक व मानसिक विकार शिवत नाहीत. ग्रंथातले पहिले वाक्य लोकांच्या लक्षात राहिले, शेवटचे राहिले नाही.

औषध आणि मद्य ह्यांच्यातली भिंत मुळातच पातळ होती हेही खरे. चरकांच्याच ग्रंथात मोहाच्या फुलांपासून केलेले ‘मधूकासव’ ग्रहणीच्या विकारावर सांगितले आहे, म्हणजे केळापूरच्या रानातले तेच फूल तेथे औषध होऊन आले आहे. आसवे व अरिष्टे आंबवूनच तयार होतात आणि त्यांत मद्यार्क असतो. स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न थेट न्यायालयात गेला. मुंबई सरकार विरुद्ध बलसारा ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये दारूबंदीचा कायदा मुख्यतः उचलून धरला, परंतु मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने ह्यांवरील बंदी अवैध ठरविली.

शरीरात काय घडते

हे वेड केवळ आपल्याकडचे नाही. रोमन मुत्सद्दी केटो ह्याने शेतीवरील आपल्या ग्रंथात, पुष्कळ पिण्याचा बेत असेल तर जेवणापूर्वी कच्चा कोबी शिर्क्यासह खावा, असा सल्ला दिला आहे. इजिप्तमधील ऑक्सिऱ्हिंकस येथे सापडलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्राचीन ग्रीक लेखात, दारूने आलेल्या डोकेदुखीवर एका झुडपाच्या पानांची माळ गळ्यात घालण्यास सांगितले आहे. ॲमेथिस्ट ह्या जांभळ्या खड्याच्या ग्रीक नावाचा अर्थच ‘न झिंगणारा’ असा आहे. प्रत्येक संस्कृतीने द्राक्ष, धान्य किंवा फूल आंबविले आणि त्याबरोबरच त्याचा उताराही शोधावयास घेतला.

आजचे शास्त्र ह्या सकाळचे वर्णन असे करते. पोटात गेलेल्या मद्यार्काचे यकृतात प्रथम ॲसिटाल्डिहाइड ह्या विषारी द्रव्यात आणि मग ॲसिटेटमध्ये रूपांतर होते. त्याच वेळी लघवी वाढून शरीरातील पाणी घटते, जठराचे अस्तर दुखावते, झोप तुटक होते आणि संसर्ग झाल्यावर होतो तसा एक दाह सर्व शरीरात जागा होतो. त्रास सर्वाधिक होतो तो रक्तातला मद्यार्क जवळजवळ संपलेला असताना. दारूत मद्यार्काखेरीज जी इतर द्रव्ये उतरतात, त्यांचे प्रमाण जितके जास्त तितकी सकाळ अधिक वाईट. पाणी कमी होणे हे त्यातले एक कारण आहे, सर्व कारण नव्हे. म्हणून पाणी पिऊन तहान भागते, पण डोके लगेच उतरत नाही.

परीक्षेत काय टिकले

आता पुराव्याकडे वळू. औषधाची खरी परीक्षा एका विशिष्ट रीतीने होते. काही जणांना औषध द्यावयाचे, काही जणांना तसेच दिसणारे पण औषध नसलेले काही द्यावयाचे, कोणाला काय मिळाले हे चिठ्ठ्या टाकून ठरवावयाचे आणि ते घेणाऱ्यालाही कळू द्यावयाचे नाही. दारूनंतरचा त्रास एका दिवसात आपोआप जातो. म्हणून ही काळजी घेतली नाही तर कोणतीही पाने गुणकारी ठरतात. केटोचा कोबी आणि ग्रीकांची माळसुद्धा.

२००५ मध्ये मॅक्स पिटलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सर्व प्रयोगांचा शोध घेऊन ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आढावा प्रसिद्ध केला. निकषांत बसणारे केवळ आठ प्रयोग त्यांना मिळाले. त्यांत औषधी गोळ्या होत्या, फळसाखर व द्राक्षसाखर होती, काही वनस्पतींचे अर्क होते. कोणताही उपाय गुणकारी असल्याचा खात्रीलायक पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. साखर परीक्षेत उतरली नाही ही गोष्ट आपल्या सरबतांच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे. आर्टिचोक ह्या पाश्चात्त्य भाजीचा अर्क यकृतासाठी फार नावाजलेला; पंधरा जणांवर केलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्याचाही उपयोग दिसला नाही. निवडुंगाच्या एका जातीचा अर्क मात्र थोडा उजवा ठरला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन प्रयोगात पंचावन्न जणांनी परीक्षा पूर्ण केली. त्यांत मळमळ, तोंडाची कोरड आणि अन्नावरची अनिच्छा कमी आढळली. परंतु तो अर्क पिण्याच्या पाच तास आधी घ्यावा लागला होता. म्हणजे तो उतारा नव्हेच. आणि त्या भरवशावर कोणी बांधावरचा फड्या निवडुंग कापून खाऊ नये.

२०२२ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी पुन्हा आढावा घेतला. ह्या वेळी २१ प्रयोग मिळाले. सर्व मिळून भाग घेणारे ३८६. तपासलेल्या द्रव्यांत लवंगेचा अर्क, कोरियन जिनसेंग, हळदीतील कर्क्युमिन आणि आपल्या शेतात पावसाळ्यात उगवणाऱ्या भुईआवळीचा अर्कही होता. काही द्रव्यांनी थोडा गुण दाखविला आणि लवंगेचा अर्क पुढील अभ्यासास योग्य वाटला. तथापि पुरावा अत्यंत हलक्या प्रतीचा असल्याचे संशोधकांनी स्पष्ट लिहिले. एकाही उपायाची दोन वेगवेगळ्या ठिकाणी परीक्षा झालेली नव्हती. कित्येक प्रयोगांत स्त्रिया मुळीच नव्हत्या. आणि आपले ताक, चिंच आणि आंबील तर ह्या परीक्षेला बसलेलीच नाहीत.

मग घरातली बाई जे देते ते निरुपयोगी काय? असे मला वाटत नाही. आंबिलीत पाणी, मीठ आणि धान्याचे सत्त्व असते. जुलाबाच्या रोग्याला तांदळाच्या वा इतर धान्याच्या पिठाचे खारे पाणी देण्याने प्राण वाचतात, हे पटकीच्या साथींत सिद्ध झाले आहे. त्याच न्यायाने आंबिलीने शरीरातले पाणी व मीठ भरून येईल, पोटाला हलके अन्न मिळेल. आल्याने मळमळ शमते ह्याला गरोदर स्त्रियांवरील प्रयोगांचा बऱ्यापैकी आधार आहे. ताक प्यायल्याने कोरड जाईल. म्हणजे ही द्रव्ये माणसाला सोबत करतात आणि त्याची सकाळ सुसह्य करतात. दारूने केलेले नुकसान मात्र ती पुसून टाकीत नाहीत. तसे करणारी वनस्पती अद्याप कोणाच्याही रानात सापडलेली नाही.

तीन सकाळी

आता मुख्य मुद्द्यावर यावयास हवे. सुश्रुतांनी चार प्रकार वेगळे केले होते. आपण सर्वांना एकाच लिंबाच्या पाण्यात बुडविले. वस्तुतः दारूनंतरच्या तीन सकाळी अशा आहेत की त्या दारातून सारख्याच दिसतात, परंतु त्यांचे शेवट अगदी निराळे आहेत.

पहिली सकाळ साधी. डोके दुखते, मळमळते, थकवा असतो आणि दिवस मावळेपर्यंत बहुधा सर्व निवळते. येथे पाणी, आंबील, ताक, विश्रांती पुरेशी आहे. डोकेदुखीसाठी पॅरासिटामॉलच्या गोळ्या मनाने खाऊ नयेत, कारण रोज पिणाऱ्याच्या यकृताला ती गोळी अधिक बाधते.

दुसरी सकाळ व्यसनाची. रोज पिणाऱ्याला शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हातांना कंप, घाम, छातीत धडधड आणि बेचैनी सुरू होते. हा दारूचा परिणाम नसून दारू न मिळाल्याचा परिणाम आहे. म्हणूनच सकाळचा घोट घेताच त्याला बरे वाटते आणि तो त्याला ‘उतारा’ म्हणतो. खरे पाहता तो उतारा नसून कर्ज फेडण्यासाठी काढलेले नवे कर्ज आहे. अशा माणसाला घरच्यांनी रागाने खोलीत कोंडून एकाएकी दारू तोडली तर झटके येऊ शकतात, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम, भास व तीव्र ज्वर येऊन प्राणही जाऊ शकतो. गावात ह्यालाच कित्येकदा ‘बाहेरची बाधा’ समजतात आणि दुसऱ्या अर्थाचा उतारा तिठ्यावर ठेवून येतात. येथे ना भात कामाचा ना काढा. येथे इस्पितळातच नेले पाहिजे. योग्य औषधांनी ही अवस्था सुखरूप पार पडते.

तिसरी सकाळ विषाची. बेकायदा दारूत किंवा औद्योगिक द्रव्यात मिथेनॉल असेल तर रात्र साधी जाते आणि बारा ते चोवीस तासांनी डोकेदुखी, उलटी, पोटदुखी सुरू होते. सर्वांना वाटते, रात्रीची दारू चढली आहे. झोपू द्या, लिंबूपाणी द्या. मग दृष्टी धुरकट होते, श्वास जोराने चालू लागतो आणि तोवर उशीर झालेला असतो. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणीत शंभराहून अधिक माणसे मिथेनॉलच्या दारूने अशीच गेली. आणि आपल्याच जिल्ह्यात, वणी येथे, एप्रिल २०२१ मध्ये टाळेबंदीने दारूची दुकाने बंद असताना हात निर्जंतुक करण्याचे सॅनिटायझर प्यायल्याने सात जणांचा मृत्यू झाला. मिथेनॉलवर उतारा आहे. तो इस्पितळात आहे आणि वेळेत पोहोचला तरच आहे. विलक्षण गोष्ट अशी की, त्या उताऱ्यांपैकी एक शुद्ध मद्यार्क हाच आहे. रक्त तपासून, मोजून, वैद्याच्या हाताने दिलेला. चरकांच्या त्या अडचणीच्या विधानाला आजच्या वैद्यकात एवढीच जागा उरली आहे.

ह्या तिन्ही प्रसंगांत आणखी एक नियम सर्व घरांनी पाळावा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर निजवावे आणि हाक मारून तो उठत नसेल तर वाहन बोलवावे.

यकृत आणि झाडपाला

पिणाऱ्यांच्या घरी झाडपाल्याचा दुसरा मोठा उपयोग काविळीसाठी होतो. भुईआवळीची ह्या बाबतीतली कीर्ती मोठी आहे. १९८८ मध्ये मद्रासच्या संशोधकांनी ‘ब’ प्रकारच्या काविळीच्या विषाणूवर तिचा गुण दिसल्याचे लॅन्सेट ह्या प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध केले, तेव्हा जगाचे लक्ष वेधले गेले. पुढील प्रयोगांत मात्र तो गुण तसा दिसला नाही. गुळवेलीची गोष्ट अधिक सावध करणारी आहे. करोनाच्या काळात लोकांनी ती मनसोक्त घेतली आणि २०२१ मध्ये मुंबईच्या वैद्यांनी तिच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रोग्यांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली. वाद राहो, परंतु दारूने आधीच थकलेल्या यकृतावर कोणताही काढा निर्धास्तपणे ओतावा असे म्हणण्यास आज आधार नाही. दारूमुळे आलेल्या काविळीत पहिले औषध दारू थांबविणे हेच, आणि तेही वैद्याच्या सल्ल्याने.

मग परंपरेतून आपण घ्यावे काय? माझे उत्तर असे आहे: द्रव्यांहून अधिक तिची दृष्टी घ्यावी. आचार्यांनी प्रथम रोगी पाहिला, त्याची अवस्था ओळखली, भेद केले, मात्रा ठरविली आणि शेवटी निवृत्तीचा मार्ग श्रेष्ठ म्हणून सांगितला. लोकव्यवहारात ही दृष्टी गळून पडली आणि चिंचेचे पाणी तेवढे उरले. आजच्या प्रयोगांनी कोणत्याही वनस्पतीला प्रशस्तिपत्र दिलेले नाही. परंतु अवस्था ओळखण्याच्या त्या जुन्या शिस्तीला त्यांनी पूर्ण पुष्टी दिली आहे.

आम्हां ख्रिस्ती लोकांच्या वेदीवर द्राक्षारस असतो आणि आमच्या मठांनी शतकानुशतके वनस्पती घालून मद्ये केली आहेत. दारूकडे केवळ तुच्छतेने पाहण्याचा अधिकार आम्हांला नाही आणि मोहाची दारू पिणाऱ्या कोलामाला नावे ठेवण्याचा तर मुळीच नाही. पण ज्या घरात रोज सकाळी उताऱ्याची गरज पडते, त्या घराला आमच्या उपदेशाहून काही अधिक हवे असते. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा आज आपल्याकडे अनेक शहरांत चर्चच्या आवारातल्या खोल्यांत भरतात. डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट ह्यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणने हजारो घरांना हे दाखवून दिले की, व्यसन हा आजार आहे आणि तो उपचाराने आटोक्यात येतो. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात नेण्यापुरती सोबत करणे हे तर कोणत्याही शेजाऱ्याला जमण्यासारखे आहे.

सकाळी नवऱ्यापुढे आंबिलीचा पेला ठेवणाऱ्या बाईने तो ठेवीत राहावे. त्यात अपाय नाही आणि माया आहे. मात्र पेला ठेवताना तिने त्याचे हात कापतात काय हे पाहावे आणि त्याला समोरचे नीट दिसते काय हेही विचारावे. त्या दोन प्रश्नांची उत्तरे कळली, तर काय करावयाचे ते ती जाणेल. आणि तेवढ्याने ह्या जिल्ह्यातला एखादा जीव वाचेल.